सरदारच्या गळ्यातलं घुंगरू

४ फेब्रुवारी

त्या सोफ्याचा खरा हिशेब असा. मखमल — गेली. फोम मुतानं भिजून पिवळा पडला — गेला. कारखान्यातल्या शिलाईकाकांची आठवड्याची मेहनत — गेली. दारापर्यंत येऊन नाकाला रुमाल लावून परत फिरलेलं गिऱ्हाईक, त्याची बायको, बायकोची बहीण, आणि ती बहीण ज्या ज्या घरी जाऊन सांगेल ती सगळी घरं — गेली! शिल्लक काय? लाकडी सांगाडा आणि वास.

वास तर असा की विचारू नये. फिनेलनं धुतला, साबणानं धुतला, उन्हात टाकला. ऊन लागलं की उलट जास्तच जागा होतो. जेवायला बसलो तर बोटांना तोच. ही म्हणाली, "आंघोळ करून बसा की!" दोनदा केली होती.

बोका कोणाचा ते अख्ख्या गल्लीला ठाऊक. बोलत कोणी नाही.

६ फेब्रुवारी

आज कापड कापायच्या टेबलावर अर्धं पाखरू. मागचं अर्धं. पिसं रक्तानं कापडाला चिकटलेली, वर मुंग्या. आणि एवढ्यावर भागलं नाही — काथ्याच्या पोत्यात हागून ठेवलेलं. कारागिरानं भरायला म्हणून मूठ घातली... त्याचं तोंड बघून मलाच ओकारी आली.

संध्याकाळी नर्सबाईंकडे गेलो. कारखान्याच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. निवृत्त झाल्या, नवरा वारला, त्याच वर्षी हा बोका दारात आला. तेव्हापासून तो मालक आणि या त्याच्या चाकर. नावही काय — सरदार!

"भाऊ, आमचा सरदार रात्री बाहेर जातच नाही. माझ्या पायाशी झोपतो."

म्हटलं, "मग माझ्या सोफ्यावर कोण, त्याचा आत्मा येतो का?"

हसल्या. चहा दिला. बाई मनानं चांगल्या. माझा अंगठा मशीनखाली आला तेव्हा धावत आल्या होत्या, रोज पट्टी बदलायच्या. पण त्या बोक्याच्या बाबतीत आंधळ्या. झोपलेल्या माणसाला काय कळतं पायाशी कोण आहे आणि कोण नाही!

११ फेब्रुवारी

मेंबरला भेटलो. म्हणाले, "नुसतं बोंबलून काय होणार? सह्या आणा, वॉर्डात नियमच करू." म्हणून दारोदार फिरलो. प्रत्येक घरी एकच रेकॉर्ड — "आमची मनी? छे हो, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही." आणि मनी त्याच वेळी समोरच्या कुंपणावर बसून ढुंगण चाटतेय! मांडीवर असली की यांची, माझ्या काथ्यात बसली की बेवारशी. मांजरापेक्षा यांची किळस आली. मांजर निदान माती तरी ओढतं वर.

१९ फेब्रुवारी

वॉर्ड ऑफिसात सुनावणी. पाळलेलं मांजर मोकळं सोडायचं की नाही. खुर्च्या कमी, तोंडं जास्त. आणि हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, अर्धं गिळतात.

प्राणिमित्र म्हणवणारा एक दाढीवाला उठला — "मांजर स्वभावानंच मोकळं असतं." मी म्हटलं, "माझा मेहुणाही तसाच आहे, पण मुतायला घरी जातो." सभा हसली, दाढी बसली.

मग नर्सबाई. सावकाश बोलल्या. "कोंडलेला जीव मी बघितलाय. हॉस्पिटलच्या वॉर्डातही बघितलाय. जगतो, पण त्याला जगणं म्हणत नाहीत. घाण होते हे खरं. ती मी येऊन धुवीन, भाऊंनी हाक मारावी. पण कोंडू नका." सभा पाघळली. बाजी जाते की काय!

तेव्हा मी पाखरांचं काढलं. म्हटलं, माझं घर मागच्या झाडीला लागून. पहाटे अशी चिवचिव असायची की उशी कानावर घ्यावी लागे. आज? सामसूम! वर्ष झालं, एक आवाज नाही. रातकिडेसुद्धा संपवले या मांजरांनी. माझे कान साक्षीला आहेत, आणि या कानांना फसवणारा अजून जन्मायचाय!

खोटं नाही त्यात. कापडाच्या दुकानात गडी होतो तेव्हा गिऱ्हाईक नवरा-बायको कोपऱ्यात किती भाव द्यायचा याची कुजबूज करायचे, ती ऐकून मी मालकाला खूण करायचो. त्या कानांवर आजचा कारखाना उभा आहे. मोटरचा पट्टा ढिला झाला की आजही मी बाहेरच्या खोलीतून सांगतो, शिलाईकाका विचारतील कोणालाही.

पाखरांवर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी तडजोड निघाली. मांजर दिवसा मोकळं, पण गळ्यात घुंगरू हवं. रात्री घरात. घुंगरू काढलं किंवा बंद पाडलं तर मांजर उचलून शहराबाहेरच्या निवाऱ्यात — मालकाला परत नाही. शेवटचं वाक्य मी घालायला लावलं.

२८ फेब्रुवारी

नियम लागू! मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार म्हणून गोष्टीतले उंदीर अजून बसून आहेत. आपण ठराव करून बांधून दाखवली!

हिला काही कौतुक नाही. "मशीन केव्हाचं ओरडतंय, कपडे काढायला काय होतं तुम्हाला?" धुण्याचं मशीन म्हणे काम झालं की ओरडतं. मी समोरच पेपर वाचत होतो. ओरडत-बिरडत नाही काही. कंपनीवाले चोर आहेत, भलतीच मशिनं गळ्यात मारतात.

५ मार्च

दोन रात्री कारखान्यातच झोपलो. कान टवकारून. काही नाही. खुश होतो — आज सकाळी नव्या दिवाणाच्या पाठीवर ओला डाग! पुन्हा तो वास. नाकातून घशात, घशातून पोटात.

म्हणजे घुंगरू न वाजता आला. कसा?

७ मार्च

सापडला! भल्या सकाळी. सरदारच. कापडाच्या गठ्ठ्यावर पसरून, शेजारी उंदराचं आतडं का काय ते. मानगुटीला धरून उचलला. गळ्यात पट्टा आहे, घुंगरू आहे, चकचकीत. गदागदा हलवला — आवाज नाही! मुकं घुंगरू!

क्षणात उलगडलं. आत बोळा कोंबलाय. जन्मभर कापसाचे बोळे वळलेली बाई! तिला काय अवघड!

बोका हातातून निसटला. मनगटावर तीन ओरखडे.

संध्याकाळी त्यांना सरळ विचारलं. त्या आधी माझं मनगट बघायला लागल्या. म्हणाल्या, "धुतलंत का? थांबा, औषध आणते." मी हात मागे घेतला. मग बोळ्याचं काढलं.

"भाऊ, बोळा कशाला कोंबू? भिंतीपलीकडून ऐकू येतं मला त्याचं घुंगरू. परवा पहाटे तुमच्या कारखान्यात वाजत होतं. दार उघडं राहिलं होतं माझं, चुकलं. पण वाजत होतं हो!"

"मी आत झोपलो होतो बाई. मला नाही ऐकू आलं, आणि तुम्हाला भिंतीपलीकडून?"

"आता बघा ना घुंगरू. या, तो आतच आहे."

म्हटलं नको. आत जाऊन बोळा काढायला कितीसा वेळ लागतो! पांढरे केस, इस्त्रीचं पातळ, आणि तोंडावर इतकं धडधडीत खोटं. मुताचा वास परवडला. तक्रार लिहून दिली. बोक्याची म्हणून नाही — खोटेपणाची.

१२ मार्च

दुपारी निवाऱ्याची गाडी आली. आमचा कॉम्प्रेसर चालू, स्टेपल गन ठोकतायत, कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. नर्सबाईंनी स्वतःच आणून दिला. मला वाटलं रडतील, भांडतील. काही नाही. फक्त गाडीवाल्याच्या कानाशी ओरडून म्हणाल्या, "त्याला रात्री पायाशी कोणीतरी लागतं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गाडीवाल्यानं पट्टा काढून माझ्या हातात दिला. "पुरावा तुमच्याकडेच राहू दे साहेब, आमच्या ऑफिसात हत्ती हरवतो." घरी नेऊन ड्रॉवरमध्ये टाकला.

१३ मार्च

वास नाही. डाग नाही. दिवाण रवाना झाला. पहाटेही सामसूमच — पाखरं परत यायला वेळ लागत असेल.

१५ मार्च

शेजारचं दार दिवसभर उघडलं नाही. ही डबा घेऊन गेली होती, तसाच परत आणला. म्हणाली, "पलंगावर बसल्यात, पाय वर घेऊन." बाकी माझ्याशी बोलत नाही.

बरं. उद्या हिला पुरावाच दाखवतो. घुंगरातला बोळा काढून हातावर ठेवतो. मग बोल म्हणावं!

१६ मार्च

घुंगरू काढलं. फटीतून सुईनं चाचपलं. बोळा नाही. मेण नाही. आत बारकी गोळी, इकडून तिकडे घरंगळताना दिसते. कानाशी धरून हलवलं. पुन्हा हलवलं. काही नाही.

आतल्या खोलीतून ही ओरडली — "अहो, ती छुनछुन बंद करा, डोकं उठलं!"

मधलं दार बंद होतं.