पहिलाच नकार खरा मानणारी माणसं

हेगडाल, नॉर्थ डकोटा
मंगळवार, १९ जानेवारी २०१६

तीर्थस्वरूप आर्डिसताई,

धाकट्या व्हर्लिनचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला का? (नसेल गेला तर सविस्तर कळवू नकोस, मागच्या पत्रात चार पानं त्या खोकल्यावरच होती.) माझी तब्येत उत्तम आहे. इथल्या थंडीत माणूस नासत नाही, एवढा एक फायदा. तुझं नाताळचं पत्र पोचलं. शेवटी तू लिहिलंयस की फार्गोत पेट्रोल फार स्वस्त झालंय, तुम्ही दोघं संध्याकाळी उगीचच गाडीतून चक्कर मारून येता, आणि 'तेलाचे भाव पडले ते एक बरंच झालं.' ताई, तू वयानं मोठी आहेस म्हणून ते पत्र शेगडीत घातलं नाही. बरं झालं? कुणाचं बरं झालं?

हो, हो, मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. तेल शंभर डॉलर पिंप होतं तेव्हा सगळ्यात जास्त बोंब मीच मारत होतो. ट्रकांची धूळ माझ्या गव्हावर बसायची, पोस्टात स्टँप घ्यायला रांग लागायची, आणि मार्व्हाच्या कॅफेत माझ्या तीस वर्षांच्या खुर्चीवर कुणीतरी लुइझियानाचा गडी बसून तळलेली मासळी मागायचा. आणि मला त्यातलं मिळालं काय? जमिनीखाली जे निघेल त्याचा हक्क आपल्या वडिलांनी एका जुन्या ट्रॅक्टरच्या बदल्यात केव्हाच विकून टाकलेला. (तो ट्रॅक्टरही दुसऱ्या वर्षी बंद पडला. वडिलांबद्दल वाईट बोलू नये, म्हणून इथेच थांबतो.) म्हणजे तेल त्यांचं आणि धूळ माझी. महापौरांनी तर गावाबाहेर दोनशे घरांची वसाहत आखली, रस्ते केले, दिव्यांचे खांब रोवले. घर एकही उभं राहिलं नाही. दिवे मात्र रोज लागतात, आणि त्या उजेडात ससे फिरतात. सशांचं बरं झालं, असं म्हण हवं तर.

गेल्या वर्षी याच दिवसांत गोठ्याच्या दारातून मला तेलविहिरी खोदणाऱ्या सात रिगा दिसायच्या. आज एकही नाही. मार्व्हानं कॅफेला कुलूप लावलं. दवाखान्यातली नर्स गेली, कारण तिचा नवरा रिगवर होता. चर्चच्या लुटेफिस्कच्या जेवणाला यंदा वाढायला माणसं होती आणि खायला नव्हती. पाद्रीबाबांनी मला तीनदा वाढलं. (तो थलथलीत मासा मी तीनदा खाल्ला, ताई. गावासाठी माणूस आणखी काय करणार?) आणि रेडिओवर कुणी एक तज्ज्ञ रोज सकाळी सांगतो की काळजी नको, बाजार स्वतःला सावरतोय. बाजाराला सावरायला वेळ आहे. बाजाराला भाड्याचं ट्रेलरचं घर रिकामं करावं लागत नाही, की पोरीचं नाव शाळेतून काढावं लागत नाही. त्या तज्ज्ञाला माझ्या गोठ्यात आणून उभा करा, शेण कुठल्या फावड्यानं ओढायचं ते मी त्याला नीट समजावून देईन.

आता मुद्द्यावर येतो. (येत नाही अजून, आधी पाय चोळून घेतो.) माझ्या आवारातल्या ट्रेलरमध्ये ओक्लाहोमाचं जे कुटुंब राहतं त्याबद्दल मी तुला तीन वर्षं तक्रारीच लिहिल्या आहेत. रॉइस लेडबेटर, रिगवर ड्रिलर. त्याची बायको ट्वायला. आणि सात वर्षांची जोसी, जी माझ्या कोंबड्यांना नावं देते आणि मग मला त्या कापता येत नाहीत. माणसं वाईट नाहीत, पण त्यांना रीत म्हणून नाही. आपल्या आईनं काय शिकवलं? कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अगदी थोडं.' अख्खं हेगडाल असंच वाढलं. ही मंडळी राहायला आली त्या दिवशी ट्वायला पीचचं गरम पक्वान्न घेऊन दाराशी आली. मी रीतसर म्हटलं, नको, नको, उगीच त्रास. ती म्हणाली, "बरं काका," आणि भांडं घेऊन परत गेली! मी दारात उभा, नाकात पीचचा वास. उलट मी कॉफी विचारली तर रॉइस पहिल्याच फटक्यात हो म्हणाला आणि येऊन बसलाही. घरात कॉफीच नव्हती. कोण पहिल्यांदा हो म्हणतं?

तर नाताळानंतर रॉइसची रिग बंद झाली. गेल्या गुरुवारी तो गोठ्यात आला. टोपी हातात. म्हणाला, "व्हर्लिनकाका, आता गाई व्यायला लागतील. तुमचा खांदा हा असा. मी राहू का मदतीला? पगाराचं नंतर बघू, पोरीची शाळा तरी चालू राहील." आणि मी, एकाहत्तर वर्षांचा गाढव, काय म्हणालो असेन? "छे रे, नको, उगीच तुला कशाला त्रास." आणि दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत उभा राहिलो. हातातलं फावडंही खाली ठेवलं होतं. तो म्हणाला, "बरं," टोपी घातली आणि गेला.

शुक्रवारपासून ते सामान बांधतायत. येत्या शनिवारी निघणार. मी तेलावर चिडलोय, बाजारावर चिडलोय, त्या रेडिओवाल्यावर आणि तुझ्या स्वस्त पेट्रोलवर चिडलोय. सगळ्यात जास्त कुणावर, ते तू ओळखलं असशील. माझ्याच्यानं हाक मारवत नाही. रोज खिडकीतून बघतो, खोकं उचललं की वाटतं आता जावं, आणि मग जोसी कोंबड्यांचा निरोप घेताना दिसते आणि मी आत येतो. एकट्यानं त्या आवारात राहायची मला भीती वाटते, ताई. लिहून टाकलं.

भावोजींना नमस्कार. कफाला कांदा आणि मध द्यावा.

तुझा,
व्हर्लिन

ता. क. : तू ट्वायलाला एक फोन कर. म्हणावं, रॉइसला आणखी दोनदा विचारायला सांग. दोनदा जमत नसेल तर एकदाच. तिसरी वेळ मी माफ करतो. पण हे मी सांगितलंय असं सांगू नकोस.

ता. क. २ : हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत सोमवार उजाडेल, हे आत्ता लक्षात आलं. असू दे. रॉइस उद्या सकाळी पोस्टात जाणार आहे, त्याच्याचकडे देतो. पाकीट चिकटवलेलं नाही. डिंक संपलाय.

ता. क. ३ : रॉइस, दुसऱ्याची पत्रं वाचणं ही फार वाईट खोड आहे. वाचलंच असशील तर पोस्टात जाऊ नकोस, स्टँप वाया जाईल. पिवळी गाय आजउद्यात विणार आहे. आणि ट्वायलाला म्हणावं, ते पीचचं : हो.