जेवण शेवटच्या तासानंतर

ती. आई, पाया पडते.

मी मजेत आहे, खोकला गेला. तुझे गुडघे कसे आहेत?

जेवण झालं की मुलं घरी पळतात, म्हणून मुख्याध्यापकांनी शाळेतलं जेवण शेवटच्या तासानंतर ठेवलंय. हजेरी भरली, पोटं रिकामी. माझी पहिलीची पोरं फळ्याकडे नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसतात.

काल बेरीज चुकली म्हणून मी एका चिमुरडीला उभं केलं, तर ती चक्कर येऊन पडली. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता गं. वर मुख्याध्यापक मलाच म्हणतात, "बाई, तुमचं शिकवणं कमी पडतंय."

वेळेवर जेवतेस ना, असं विचारलंस. जेवते. आम्हा शिक्षकांचे डबे बाराच्या ठोक्याला उघडतात. वास वर्गापर्यंत जातो.

तुझी,
मास्तरीण