दाराबाहेरची पट्टी

नाशिक,
१२ जानेवारी २०२५

ती. लंकाआक्कांना गोजराचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मनमाडला नळाला पाणी आता कितव्या दिवशी येतं? पत्र बघून नवल वाटेल, पण फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही ठेवून देता, म्हणून लिहितेय.

तुमच्या भावाच्या पायाचं ऑपरेशन डिसेंबरात झालं. लकव्यानं पाऊल आत वळलं होतं, टाच टेकत नव्हती, ते तुम्ही पाहिलंच आहे. डॉक्टरांनी टाचेमागची आखडलेली शीर लांब केली आणि पाऊल आत ओढणारी शीर अर्धी चिरून बाहेरच्या बाजूला बसवली. २१ तारखेला प्लास्टर निघेल.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, "सुरुवातीला पाऊल सरळ धरायला पट्टी लिहून दिली होती, ती वापरली नाही का? कदाचित इतकं आखडलं नसतं." हे माझ्याकडे बघत राहिले. मी पिशवीत कागद शोधत बसले.

आक्का, तुम्ही इथल्या द्वारका चौकातल्या दुकानातून हौसेनं आणलेली ती पट्टी यांनी कधीच काढली नाही. मी काढली. घरात घट बसले होते आणि तिला बुटासारखा तळ होता. देवासमोर पायात बूट कसा चालेल, म्हणून नऊ दिवस दाराबाहेर चपलांच्या फळीवर ठेवली. दसऱ्यानंतर घालायला गेले तर पाय बसेना, हे कळवळायचे. मग मी ती तिथंच राहू दिली.

भाऊबिजेला तुम्हाला ती तिथं दिसली. मी पटकन म्हणाले, तेच काढून टाकतात. तुम्ही यांना विचारलंत. लकव्यानंतर यांच्या तोंडी 'हो' एवढा एकच शब्द उरलाय, तोच आला. "खंडू, तुला बरं व्हायचंच नाय, मग म्या कशाला यायचं?" म्हणून तुम्ही न जेवता गेलात. एका हातानं यांना ते पट्टे सुटलेच नसते. मला हे तेव्हाही माहीत होतं.

त्यानंतरच्या दोन्ही भाऊबिजांना हे आंघोळ करून दुपारपर्यंत पाटावर बसून राहिले. मी तेव्हाही बोलले नाही. मला लाज वाटते, आक्का.

मला माफ करू नका. पण २१ तारखेला या. टाच टेकून हे पहिल्यांदा उभे राहतील तेव्हा समोर तुम्ही असा, आणि यांची काही चूक नव्हती हे यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या.

तुमच्या भावाची आणि तुमची अपराधी,
गोजरा