आखाजीला तुझ्या ताटावर

प्रिय मोठी आई,

आज मी तुझ्या नावानं जेवले! हाताला अजून तुपाचा वास येतोय, खाली घरच्यांची पंगत बसलीय आणि मी माडीवर येऊन हे लिहितेय. आत्ता नाही लिहिलं, तर उद्या धुळ्याला पोहोचल्यावर सगळं सासूबाईंना सांगून टाकीन. आणि सांगायचं तर तुला आहे!

तू गेल्यानंतरची ही पहिली आखाजी, कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया. सवाशीण गेलीस, म्हणून तुझ्या नावानं पितर म्हणून सवाशीणच बसवायची. कोणाला बसवायचं यावर घरात बराच खल झाला म्हणे. आबांचा, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा, ज्यांना तू जन्मभर 'ऐकलं का' म्हणूनच हाक मारलीस त्यांचा, फोन आला तो थेट निकाल घेऊनच. "रुपे, तिच्या जागी तू बस." मी हो म्हणाले, फोन ठेवला आणि मग माझं पोट आठवलं. केवढंसं ते!

नियम तूच शिकवलेस ना? शाळेत जायच्या आधी तुझ्या ओट्यावर कुरडया मोजत मी अंक शिकले. तिथंच हेही शिकले, की पितराच्या ताटात घरातलं सगळं पडलं पाहिजे आणि पितरानं ताटात काही टाकायचं नाही. टाकलं तर गेलेलं माणूस अर्धपोटी राहतं. पितर उठेपर्यंत घरातल्या कोणी घास तोंडात घालायचा नाही, हेही तुझंच. इतर पोरी हे ऐकून विसरल्या. मी कुठलं विसरतेय!

आणि बसवलं कोणाला? जिचं जठर डॉक्टरांनी मुठीपेक्षा लहान करून ठेवलंय तिला!

ऑपरेशनला आता बरीच वर्षं झाली. वजन उतरलं, शुगर गेली, जिना चढताना गुडघे दुखत नाहीत. लोकांना वाटतं, झालं, संपलं. संपतं कुठे? रोजच्या गोळ्या, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं, मध्यंतरी मूठमूठ गळालेले केस, दंडाखाली लोंबणारी कातडी. जेवताना पाणी प्यायचं नाही. घास तोंडात पातळ होईस्तोवर चावायचा. आणि गोड जरा जास्त झालं की छाती धडधडते, घाम फुटतो, असेल तिथं आडवं व्हावं लागतं. सासूबाई शेजारणींना सांगतात, "आमनी सून जेवत नही, चाखस." प्रेमानं सांगतात, पण सांगतातच!

तू तरी काय कमी होतीस? ऑपरेशननंतर पहिल्यांदा आले, तर मला कुशीत घेऊन रडलीस, पोरीचं पोट कापून टाकलं म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायकांना बोलावून, मला गोल फिरवून दाखवलंस! किती लाजले होते मी. पण पुढे खापरावर माझ्यासाठी पुरीएवढी पुरणाची पोळी तूच टाकायला लागलीस. हातावर फिरवून परातीएवढी करणारी तू, ती एवढीशी करताना वैतागायचीस. "हे काय पोयी आहे का? भातुकली आहे."

पण आज ताट माझं नव्हतं, तुझं होतं. तुला भातुकलीतलं कसं वाढणार?

मी आहाराच्या डॉक्टरबाईंना फोन केला होता. पितर म्हणून जेवायचं असेल तर किती खाल्लेलं चालेल, असं चक्क विचारलं! त्या हसल्या. "पितराचं पोट केवढं असतं ते मला माहीत नाही. तुझं केवढं आहे ते माहीत आहे."

तुझ्या सुनेनं, स्वातीवहिनीनं, माझी दया येऊन सगळं चमचा-चमचा वाढलं. तर भुसावळची आत्या उभीच राहिली. नणंद कोणाची! "पितराले असं चिमटीनं वाढतात का व?" म्हणाली आणि अख्खी पोळी माझ्या ताटात. वर वाटीभर आमरस, कटाची रशी, भात, भजी, कुरडई. आबांनी विस्तवावर तुझ्या घासाची आगारी टाकली, तुझ्या नावानं भरलेल्या घागरीला हात जोडले आणि माझ्यासमोर पाट घेऊन बसले. घरभर भुकेली माणसं, आणि मी चावतेय!

एक घास. मग पुढचा. ऊन अंगणातून ओसरीवर चढलं. शेवटी आत्यालाच राहवेना. "पितर जेवू राहिलं का रवंथ करू राहिलं?"

सगळे हसले आणि मग बोलायलाच लागले. तू गेल्यापासून कोणी तुझ्याबद्दल नीट बोललंच नव्हतं गं! तुझ्या लेकानं, दादानं, तुझी खंडव्याची गोष्ट काढली. भुसावळला चुकीच्या गाडीत बसलीस, खंडव्याला उतरलीस आणि परत येताना केळीचे वेफर्स विकत घेऊन आलीस. घरची केळीची बाग असताना! आबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

पण ताटात अर्धी पोळी अजून तशीच होती. आमरसही. आणि माझ्या कपाळावर घाम आला. मला कळलं, आता आणखी एक घास, की इथंच आडवी. ताटातली पोळी बघितली आणि रडूच आलं. म्हणजे तू उपाशी? माझ्यामुळे?

"सोडू नको व," आत्या म्हणाली. "वहिनी अर्धपोटी राहीन."

मी घास उचलला. आबांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे."

मग त्यांनी ताट स्वतःपुढे ओढलं. माझ्या हातातला घासही घेतला. आत्या म्हणाली, भाऊ, असं नसतं करत. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

"जन्मभर माह्या उष्ट्या ताटात जेवली ती. आज मी तिच्या ताटात जेवतो."

मोठी आई, आबा खाली मान घालून जेवले. पोळी, भात, रशी, सगळं. वाटीतला आमरस बोटानं पुसून घेतला. ताट लख्ख झालं, तेव्हा म्हणाले, "झालं तिचं जेवण. वाढा आता सगळ्याईले."

आता सांग, पोट भरलं ना? मला वाटतं, भरलं! मला धडधडलं नाही, आडवंही व्हावं लागलं नाही. आणि एक विचारू? सगळ्यांचं झाल्यावर, आबांच्या ताटात, स्वयंपाकघरात एकटी जेवायचीस, ते तुला खरंच आवडायचं? आम्ही कोणी कधी विचारलंच नाही. तूही कधी बोलली नाहीस.

मीसुद्धा धुळ्याला एकटीच जेवते गं. माझं इतकं हळू चालतं, की लोक बघतात, म्हणून आधीच स्वयंपाकघरात उरकून घेते. आता नाही. तुला वचन देते, उद्या रात्रीपासून मी सगळ्यांच्या पंगतीत बसेन. माझं संपेपर्यंत त्यांना बसावं लागेल. बसवीन मी त्यांना! गप्पा मारतील, हसतील, मला टोमणे मारतील, पण माझ्याआधी कोणी उठणार नाही.

तुझीच,
रुपाली