आबांच्या शब्दांची वही

सोम., ३ नोव्हें.
नवी वही. म्हणून सुरुवातीला एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.
आबा गावडे, संरक्षण खात्यात शस्त्रखरेदीच्या तपासणीवर होते. निवृत्त होऊन मसुऱ्याला आले. आता विसरायला लागलेत. डॉक्टर म्हणाले, बोलू द्या, कोणीतरी लिहून घ्या. म्हणून त्यांच्या सूनबाई शुभावैनींनी मला ठेवलं. रोज ३ ते ५. अक्षर बरं आहे आणि शुद्धलेखन चुकत नाही, एवढ्यावर. बारावी राहिलेली त्यांना चालते.
आबा घरातली माणसं विसरतात, पण नोकरीतले शब्द नाही. ते शब्द आबांच्या वहीत जातात, बाकीचं माझ्या या वहीत.
आजचे इथेही: अॅक्सेप्टन्स ऑफ नेसेसिटी. म्हणजे वस्तू खरोखर हवी आहे हे सरकारने आधी मान्य करायचं, त्याशिवाय खरेदी पुढे सरकत नाही. इंटरसेप्टर. येणाऱ्या क्षेपणास्त्राला वाटेतच गाठून फोडणारं दुसरं क्षेपणास्त्र. लीकर. अडवता आलं नाही, निसटून आत आलं ते.
मी विचारलं, "मगे ता पडता खंय?"
"खंयतरी पडतलाच. पण तेचो कागद वेगळो."

गुरु., ६ नोव्हें.
फक्त एक शब्द. हँगफायर.
आबा म्हणाले, "दिवाळीत फटाको लावलंस. वात पेटली, आवाज नाय. काय करतंस?"
"थांबतंय."
"किती येळ?"
"कोण तरी जावन लाथ मारी पर्यंत."
मला वाटलं हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "मिसफायर म्हणजे मेलेलो. हँगफायर म्हणजे थांबलेलो. भायसून दोनय सारकेच दिसतत."
 पाच वाजेपर्यंत मी पेन उघडंच धरून बसलो होतो, शाई वाळली.

शनि., ८ नोव्हें.
ओट्यावर प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या असतात. एक आबांची. दुसरीत मी बसलो तर आबा म्हणाले, "उठ रे. तेका बसांदे."
"कोणाक?"
 वैनी आतून म्हणाल्या, "सत्या, तू पायरेर बस. रोजचाच आसा ह्या."
पायरीवर बसून लिहिलं. खुर्ची रिकामी होती. हे मी तीनदा वळून पाहिलं.

मंगळ., ११ नोव्हें.
आज आबांना सगळं लख्ख आठवत होतं. मला नको होतं तेवढं. क्षेपणास्त्राचं नाव सांगितलं, ते मी कुठेच लिहिलेलं नाही. बाकी दोन्ही वह्यांत क्रमाने लिहितो, नाहीतर माझ्याकडून बदलेल.
एक चाचणी ठरली होती. मोठे लोक बघायला येणार होते. क्षेपणास्त्र पेटवणारा भाग, इग्नायटर, त्या साठ्याची मुदत संपली होती. नवे यायला वेळ होता. फाइल आबांकडे आली. मुदत वाढवून द्या, म्हणजे लाइफ एक्स्टेंशन. नियमात बसत नाही, म्हणून डेव्हिएशन. आबांनी सही केली.
बटण दाबलं. काही झालं नाही. हँगफायर. नियम असा की अर्धा तास कोणी जवळ जायचं नाही. लाँचरच्या बाजूच्या खोलीत एक मुलगा होता, अरविंद. आपल्याच जिल्ह्यातला, शिरोड्याचा. "आपलो म्हणान मियाच तेका टीममध्ये घेतलंय," आबा म्हणाले. नियंत्रण कक्षातून त्याला फोन गेला, जाऊन बघ.
मी विचारलं, "फोन कोणी केलो?"
"माझो आवाज तेच्या वळखीचो."
तो गेला आणि ते पेटलं.
अहवालात दोन शब्द. मुलाबद्दल ड्रिल व्हायोलेशन. नियम त्यानेच मोडला. चाचणीबद्दल पार्शियल सक्सेस. कारण क्षेपणास्त्र उडालं होतं.
त्याच्या आईला पहिला शब्द कळवला. ती शिरोड्यालाच असते. अजून तिला तेवढंच माहीत.

गुरु., १३ नोव्हें.
वैनींनी आबांची वही वाचली.
"ह्या लिवलंस कित्याक? पान फाड."
मी म्हटलं, पानांना नंबर आहेत, मधलं गेलं तर कळेल.
"कोणाक कळतला? तुकाच मां?"
मग चहा आणून ठेवला आणि समोरच बसल्या. "आबांक आता कोण जाब इचारूक येवचो नाय. पण माझ्या पोरांक ह्याच गावात रवाचा आसा. ह्यांचो आजो माणूस मारून इलो म्हणान लोकांनी नाव घेतल्यानी तर?" मग खाली बघत, "माका काय वाटत नाय, असा समजा नको."
आबा ओट्यावरून ऐकत होते. म्हणाले, "शुभा, भांडा नको. देवाक इचारूया. उजवो कौल दिल्यान तर शिरोड्याक अरविंदाच्या आवशीक सांगूक जावया. डावो दिल्यान तर मी गप."
वैनी यावर नाही म्हणू शकल्या नाहीत. देवाचं नाव निघालं की कोण म्हणणार.

सोम., १७ नोव्हें.
देवळात जाऊन गुरवांना भेटलो. बाबीकाका. सोमवारी कौल लावतात. पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवापुढे सगळं मांडायचं. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही.
मी आबांच्या वहीतलं वाचून दाखवलं. लाइफ एक्स्टेंशनपर्यंत ऐकलं आणि हात जोडले.
"देवाक इंग्लिश कळता रे, तो देव आसा. पण उच्चारूचा माका आसा. उद्या जीभ अडाकली तर कौल माझ्यार फिरात."
मग गंभीर होऊन म्हणाले, "घडला ता आधी सगळा खरा सांगूक व्हया, मगे इचारूचा. गावच्या पोराक समाजतला असा लिवन हाड. आणि जो इचारता तेना पाळूक व्हया. देव काय टायमपास न्हय."

बुध., १९ नोव्हें.
दोन दिवस गाऱ्हाण्यातल्या त्या एका वाक्यावर गेले.
इग्नायटरला वात. हे सोपं गेलं.
डेव्हिएशनला मी आधी 'सूट' लिहिलं. आबा म्हणाले, नाय. 'सवलत'. नाय. 'अपवाद' लिहिलं तर चिडले. "अपवाद म्हणजे काय ता माका म्हायत नाय? 'चालतला' म्हणान लिव. फायलीर आमी सगळे तेच म्हणत व्हतो. चालतला."
ड्रिल व्हायोलेशनपाशी ते थांबले.   मग म्हणाले, "तेना माझा आयकल्यान."
मी तसंच लिहिलं.
पार्शियल सक्सेसला मला शब्द सापडला नाही. शब्दकोशात 'अंशतः यशस्वी' आहे. ते बाबीकाकांना उच्चारता येईल, पण ते या वाक्यात कुठे ठेवायचं ते मला कळेना. आबांना विचारलं. म्हणाले, "सोड."
शेवटी असं झालं:
"मुदत संपलेली वात चालतली म्हणान मियां सही केलंय. ती पेटाक नाय. बघूक मियां तेका धाडलंय. तेना माझा आयकल्यान आणि जळान मेलो. चूक तेचीच म्हणान कागद गेलो. आता तेच्या आवशीक खरा सांगू काय?"
आबांनी तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा माझ्याबरोबर त्यांचे ओठ हलत होते.

शनि., २२ नोव्हें.
सकाळी आई गॅस पेटवत होती. लायटर दोनदा वाजला, पेटला नाही. ती वाकून बघायला लागली. मी तिचा हात ओढला. कपातलं दूध सांडलं.
"येड लागला तुका? नळी बंद आसा ती."
बंदच होती. तरी मी अंगणात जाऊन उभा राहिलो आणि मनात आकडे मोजत बसलो. कशासाठी ते सांगता येणार नाही.
आबांकडे गेलो. ते झोपले होते. वैनी म्हणाल्या कालपासून झोपूनच आहेत.

सोम., २४ नोव्हें.
आबांना रिक्षाने देवळात नेलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. वैनी, मी, बाबीकाका. कळ्या लावल्या. बाबीकाकांनी गाऱ्हाण्याला सुरुवात केली, "बा म्हाराजा, आज ह्यो तुझो लेकरू तुझ्या पायाकडे उभो आसा..." माझा कागद डाव्या हातात धरून पुढे वाचलं. 'जळान मेलो' आल्यावर आबा दचकले.
"कोण मेलो?"
बाबीकाका थांबले.
"अरविंद, आबानु," मी म्हटलं. "शिरोड्याचो."
"आपल्यातलो? अरेरे. कधी?"
वैनींनी तोंडावर पदर घेतला. आबा सगळ्यांकडे बघत होते, परक्याच्या घरी मयताला आल्यासारखे. मग माझ्या कानाशी येऊन विचारलं, "कसो मेलो रे?"
मी सांगितलं नाही.
बाबीकाकांनी हलक्या हाताने कळ्या काढून घेतल्या. म्हणाले, "जेचो प्रश्न तेकाच ठावक नाय. देवान उत्तर कोणाक देवचा?"

गुरु., २७ नोव्हें.
आबा बरे आहेत. इतके बरे मी त्यांना पाहिले नव्हते. बांगड्याचं तिखलं दोनदा मागून जेवले. शब्द विचारले तर हसून म्हणाले, "कसले शब्द? तू मास्तर काय?" इंटरसेप्टर आठवत नाही. वैनी म्हणतात, रात्री एकदाही उठले नाहीत.
मी पायरीवर बसायला गेलो तर म्हणाले, "खाली कित्याक बसतंस? खुर्ची आसा मां रिकामी."
माझ्याने बसवलं नाही. उभाच राहिलो. पाठ भिंतीला लावून.
ज्यांनी केलं ते विसरले. वैनींना विसरायचं आहे. पूर्ण वाक्य आता फक्त मला पाठ आहे. भात झोडताना, आंघोळ करताना, सायकलवर, ते आपोआप सुरू होतं आणि 'सांगू काय' पाशी थांबतं.

सोम., १ डिसें.
देवळात एकटाच जाणार होतो. वैनी मागून आल्या. म्हणाल्या, "माझ्या घरातलो प्रश्न आसा, मी नको?"
बाबीकाकांनी विचारलं, "तू आबाचो कोण?"
"कोण नाय. मी लिवन घेतलंय."
त्यांनी कळ्या ओल्या करायला घेतल्या. "मगे उभो रव."
आबांच्या नावाने गाऱ्हाणं घातलं. कागद वाचला. एकही शब्द अडखळला नाही. 'व्हय म्हाराजा' म्हणायला माणसं नव्हती, मी एकट्यानेच म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही.
डावी कळी पडली.
अरविंदच्या आईला सांगू नये.
वैनींनी नमस्कार केला आणि तिथेच खांबाला टेकून बसल्या. मलाही हलकं वाटलं, हे खरं ते लिहितो. घरी येऊन पेज प्यायलो, दुपारी झोपलोसुद्धा.
जागा झालो तेव्हा कागद खिशातच होता. पुन्हा वाचला. 'मियां सही केलंय.' 'मियां धाडलंय.' प्रश्न आबांचा होता आणि देवाने आबांना नाही म्हटलं. आबा तर आता सांगूच शकत नाहीत. माझ्याबद्दल कोणी काही विचारलेलंच नाही.

गुरु., ४ डिसें.
बाबीकाका देवळामागे समया घासत होते. मी म्हटलं, येत्या सोमवारी परत इचारूचा आसा. माझ्या नावान.
राखेचे हात तसेच ठेवून त्यांनी वर पाहिलं.
"इचार. पण डावोच इलो तर गप रवशीत?"
मी होय म्हणायला तोंड उघडलं. आलं नाही.
"नाय मां? मगे देवाक कित्याक मधी घालतंस?" आणि पुन्हा घासायला लागले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तेची आवस किती वर्षांची आसात रे?"
अरविंदच्या आईचं वय मला माहीत नाही. आबांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. इतकं सगळं विचारलं, आणि हे नाही.
घरी आलो. शिरोड्याच्या एसटीची वेळ बघून ठेवली. अंगणात बसून ते वाक्य पुन्हा लिहायला घेतलं, तिला सांगता येईल असं. 'मियां'च्या जागी 'आबांनी' घातलं. ते बसलं. 'तेका'च्या जागी काय येईल ते दिसत होतं, तरी पेन फिरवून फिरवून शेवटी लिहिलं: तुमच्या अरविंदाक.
इथपर्यंत झालं आहे.