हिंगाची डबी

बाबा, उद्या सकाळी मला नऊ मुलींची नावं क्रमाने लिहून पंचांच्या हातात द्यायची आहेत, आणि मघापासून मी स्वयंपाकघराच्या फरशीवर तुमच्यासारखेच मसाल्याचे डबे मांडून बसले आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही सुलतानपूरच्या शाळेत जो बेसबॉल शिकवायचात तोच मी आता मेहकरला शिकवते, आणि लोक अजूनही विचारतात, "म्हंजे क्रिकेटच ना मॅडम, दांडकं गोल असते ते?" मी हो म्हणून टाकते. तुम्ही अर्धा तास समजावून सांगायचात. तेवढा धीर माझ्यात नाही, हे तुम्हाला ठाऊकच होतं.

मॅचच्या आदल्या दिवशी तुम्ही आईचे नऊ डबे खाली घ्यायचात आणि ते गोल मांडून कोण कुणाच्या मागून बॅटिंगला जाणार ते ठरवायचात. आई फोडणीला उभी असायची आणि तिची हळद तिसऱ्या नंबरवर बसलेली असायची. चौथा डबा कायम मिठाचा, सगळ्यांत मोठा. तो डबा म्हणजे ती. खरादावर लाकूड फिरवून बाजेचे पाय घडवणाऱ्या चाचांची पोरगी. बापाने तिला बाभळीची बॅट करून दिली होती, तीही थेट बाजेच्या पायासारखीच दिसायची, आणि त्या बॅटने ती चेंडू शाळेच्या हापशीपलीकडे घालवायची. आधीच्या तिघी बेसवर पोचल्या की चौथीने एक दणका द्यायचा आणि सगळ्यांना धावा काढत घरी, म्हणजे सुरुवातीच्या जागी, आणायचं, असा तुमचा हिशोब. नववी हिंगाची डबी. ती मी. आई चिडायची. "काऊन हो, माह्या पोरीले हिंगाची डबी केली काय?" तुम्ही हसायचात. "अवं, डबे गोल मांडले हायेत ते पाह्य ना. नववीच्या मांगून लगेच पहिली येते. मारणाऱ्या लय भेटतात, चेंडू सोडणारी हे एकच हाय."

चार वाईट चेंडू न मारता सोडले की पहिला बेस फुकट मिळतो, हे मला येत होतं. हात शिवशिवले तरी मी बॅट हलवायची नाही. पण आम्ही सगळे क्रिकेट पाहून मोठे झालेलो. तिथे शेवटी कोण येतं? ज्याला बॅट धरता येत नाही तो. वर्गातल्या मुली मला शेपूट म्हणायच्या, आणि तुमचा तो गोल मला कधी गोल दिसलाच नाही, पहिलीपासून नववीपर्यंत उतरत गेलेली रांगच दिसली. मैदानावर मी तुम्हाला सर म्हणायचं असा घरचा नियम होता. तिला मात्र तुम्ही बेटा म्हणायचात. तिच्या बॅटला आपल्या घरातलं जवसाचं तेल लावून देताना मी तुम्हाला पाहिलंय. मी जळायचे, बाबा. तोंडाने "मस्त मारलं वं" म्हणायचे आणि मनात म्हणायचे, पुढच्या वेळी चुको.

मेहकरची ती मॅच तुम्ही विसरला नसाल. शेवटचा डाव, दोघी बाद, आपण एका धावेने मागे, बेसवर दोन मुली, आणि माझी पाळी येते. तीन वाईट चेंडू मी सोडते, दोन माझे चुकतात; तिसरा चुकला की बाद. आणखी एक सोडला की मी बेसवर जाणार आणि पुढे पहिली येणार. चेंडू येतो तो डोक्याच्या उंचीने, आंधळ्यालाही कळावं इतका वाईट. आणि मी बॅट फिरवते. तिच्यासारखी फिरवते. एकाच दणक्यात संपवायचं, चौथीपर्यंत काही जाऊच द्यायचं नाही, एवढंच डोक्यात. चेंडू मागच्या मुलीच्या हातात गेला आणि आपण हरलो. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "आज तू आपल्या टीमसाठी नाही खेळली. तू एकटीसाठी खेळली." आणि परतीच्या एसटीत तिच्या शेजारी जाऊन बसलात. मी मागच्या सीटवरून पाहत होते. तुम्ही बोलत होतात, ती मान हलवत होती. तिच्या बॅटचंच कौतुक चाललं असणार, असं मी तेव्हा धरलं आणि पुढे इतकी वर्षं तेच धरून ठेवलं.

आता तिची मुलगी माझ्या टीममध्ये आहे. तीच मारण्याची पद्धत, तेच खांदे. कुणी शेंबडं पोरही सांगेल की ही चौथी. मागच्या आठवड्यात मी तिला नववी लावली. चेंडू सोडायला शीक, असं तिला सांगितलं. तुमचंच वाक्य, पण मनात काय होतं ते मला माहीत आहे. शेपूट व्हायला कसं वाटतं ते त्या घरातही एकदा कळू दे, असं होतं.

आज दुपारी तिची आई शाळेत आली. मला वाटलं, आता भांडणार. तर डब्यात शिरखुर्मा घेऊन आलेली. "पोरीले नववी लावली म्हने तू," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले होते. "त्या दिवशी यष्टीत सर मले काय म्हनले, ठाऊक हाय? म्हनले, बेटा, आज ते चुकली, पन नववी जागा तिचीच राह्यनार. तिथं मी माह्या भरवशाचीच पोर ठेवतो. मले लय राग आला होता तुहा. वाटे, आपल्याबद्दल सर असं काऊन नाही म्हनत? आज माह्या पोरीले तू ते जागा दिली. भरवशाची हाय म्हनूनच ना?"

मी "हाव" म्हणाले. शिरखुर्मा ठेवून घेतला.

तुम्हाला सांगते, ती गेल्यावर आधी मला लाज नाही वाटली, राग आला. तुमचा. शिव्या मला सगळ्यांसमोर, आणि माझं कौतुक केलंत तेही तिच्याजवळ! एसटीत माझ्या सीटपर्यंत यायला किती पावलं होती? लाज नंतर वाटली, शिरखुर्मा खाताना.

तर आता डबे मांडत आणलेत, गोल. मिठाच्या डब्याच्या जागी तिची मुलगी, चौथी, जिथे ती असायला हवी तिथेच. सकाळी तिच्या आईला फोन करून सांगावं लागेल. सगळे म्हणतील, मॅडमनी बरोबर केलं. सरांची पोरगी शोभते. पण हे पत्र कुठे जाणार नाही म्हणून लिहिते, बाबा. तिला नववीवरून उचललं ते ती चांगली मारते म्हणून, हे खरं. आणि ती जागा त्या घरात जाऊ द्यायची नव्हती, हेही तितकंच खरं. आठ नावं लिहून झालीत. हिंगाची डबी अजून माझ्या हातातच आहे.