पडवीतला अगरूचा वास

मस्कतहून आले: अगरूच्या लाकडाचे तुकडे, पाच तोळे, पत्र्याच्या डबीत, किंमत चिरंजीव सर्वेशने कळवली ती चार हजार रुपये. त्याच पाकिटात सूनबाई प्रियांकाचा व्हिसा, मुदत ३१ जानेवारी २००४. आणून देणारे शेजारी इनास. चहाशिवाय काही घेतले नाही.

मी, सौ. मथुरा गुणाजी कोळंबकर, वय ५७, मॅट्रिक पास, राहणार देवगड, सोमवारी गर्भपिशवीच्या ऑपरेशनला जात आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणी धाकाने लिहवून घेत नाही. माझ्यामागे असे व्हावे.

घर. १९७९ साली यजमानांनी ते माझ्या नावावर केले, बोट बुडाली तर कर्जात घर जाऊ नये म्हणून. कचेरीच्या पायरीवर मला म्हणाले, "कागदार नाव तुझा, घर माझा. इसरा नको." विसरले नाही. ते घर मी प्रियांकाला देते. सर्वेशला देत नाही, तो बापाच्या हाती देईल. यजमानांनी हयातभर तिथेच राहावे. पण तिचा पासपोर्ट त्यांनी कपाटात कुलपात ठेवला आहे, तो तिच्या हाती दिला तरच. किल्ली त्यांच्या करदोऱ्याला असते.

कारण लिहिणे भाग आहे. या घरात बाईने सुगंध लावायचा नाही. "बायलमाणसाक वास कित्याक होयो?" म्हणून माझी अत्तराची कुपी लग्नाच्याच वर्षी विहिरीत गेली. मग मी वाट काढली. आधी देवाला धूप दाखवायचा, मग तेच धुपाटणे माजघरात आणून वर टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर ओले केस पसरायचे. कोणी विचारले तर देवाचा वास. पस्तीस वर्षे निभावले. सर्वेशला ठाऊक, म्हणून त्याने अगरू पाठवले. मासळीच्या घरातही ते दोन दिवस केसांत राहते.

ही युक्ती मी प्रियांकाला शिकवली, पण एक सांगायचे राहिले: पाळीत देवाची सबब चालत नाही. पाळीचे दिवस होते, ती मागच्या पडवीत बाजूला बसलेली. मी बाजारात; पुढचे तिनेच मला सांगितले. तिने करवंटीत निखारे घेऊन केस धुपवले. यजमान घरात आले ते ओरडतच.

"बाजूक बसलेली देवाकडे जाता कशी? मगे ह्यो वास कोणासाठी गो? घोव थंय मस्कताक!"

ती म्हणाली, "माझ्यासाठी, बाबानू."

इतके सरळ उत्तर या घरात मी कधी दिले नव्हते. त्याच संध्याकाळी पासपोर्ट कपाटात गेला. मी मध्ये पडले तर म्हणाले, "तुया खंय गेलंस काय कधी? तिका कित्याक जावक होया?" मी खरेच कुठे गेले नाही. तिचे तसे होऊ नये.

पोस्टातले अकरा हजार: पाचशे ग्रामदेवीच्या दिव्याच्या तेलाला, कारण देवीचे नाव पुढे करून मी केस धुपवले. बाकी प्रियांकाच्या तिकिटाला. पाटल्याही तिला. नणंद काशीबाई हिने त्या मागू नयेत. "दोन दिवसांक" म्हणून १९८५ साली नेलेला माझा तांब्याचा हंडा तिलाच राहो.

मला शेवटची आंघोळ घालाल तेव्हा अगरूचा धूर केसांना द्यावा. देवाला आधी दाखवू नये. घरात सुतक असेल, देवाला चालणारही नाही. तो धूर माझाच.

सही: मथुरा गुणाजी कोळंबकर
साक्षीदार: १. सेवरीना इनास फर्नांडिस, शिक्षिका. २. शंकर मोंडकर, निवृत्त पोस्टमन.
देवगड, ५ डिसेंबर २००३

सर्वेश, ही नक्कल तुला. एक प्रत तुझ्या बाबांसमोर मी स्वतः ठेवणार आहे. फोन त्यांच्या खुर्चीशेजारी आहे, तेव्हा पत्र सेवरीनाबाईंच्या पत्त्यावर पाठव. मागच्यासारखे "बाबांका इचार" लिहू नकोस. तू स्वतः येऊन तिला नेणार की नाही, आणि नेणार तर कोणत्या तारखेला, एवढेच उलट टपाली कळव.